मोटरसायकलला दुसरा चिमटा बसवायचाय? आधी हे वाचा

मागचं चाक ज्या दोन दांड्यांच्या मधे बसतं त्या भागाला कंपनीच्या पुस्तकात स्विंगआर्म म्हणतात. गॅरेजात आणि स्पेअरच्या दुकानात त्याचं नाव चिमटा. काउंटरवर चिमटा, चिमटा बुश, चिमटा बोल्ट अशीच नावं घ्या, माल पटकन हातात येतो.

माझी गाडी १९९२ ची यामाहा आरएक्स १००, कोल्हापुरात कायम उघड्या अंगणात उभी राहिलेली. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर धुताना चिमट्याच्या खालच्या बाजूला, वेल्डिंगच्या कडेला रंग फुगलेला दिसला. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर टोक सरळ आत गेलं आणि तांबडी भुकटी हातावर आली. तिथून पुढे एका रविवारचं वाटलेलं काम मी तीन रविवार करत होतो आणि मधे एक चुकीचा चिमटा विकत घेऊन बसलो. त्या तीन रविवारांत जे कळलं ते इथे क्रमाने देतोय. दोन शॉकअप आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या साध्या गाडीसाठीच हे आहे. दोन शॉकअप काढून मधे एक मोनोशॉक लावायचा असेल तर चेसिसवर नवं वेल्डिंग करावं लागतं, आणि ते घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१. बदलायचा कशासाठी, ते आधी ठरवा

चाक हातात धरून डावीकडे-उजवीकडे ढकलल्यावर चिमटा खडखडत असेल तर बहुतेक वेळा फक्त बुश, म्हणजे चिमटा बोल्टच्या जागी बसणाऱ्या छोट्या नळ्या, गेलेले असतात. नवे बुश आणि नवी स्लीव्ह (बुशच्या आतली स्टीलची नळी) बसवा, काम संपलं. चिमटा गंजून पोकळ झालाय, अपघातात पिळलाय किंवा वेल्डिंगला तडा गेलाय, तर बदलायलाच हवा. अशा वेळी मूळ मापाचा चांगला चिमटा मिळत असेल तर तोच घ्या. मला मिळाले ते पातळ पत्र्याचे वाटले, म्हणून मी चौकोनी नळीचा, दुसऱ्या गाडीचा चिमटा शोधला.

गाडी लांब दिसावी म्हणून लांब चिमटा लावायचा असेल, तर पुढचा मुद्दा नीट वाचा.

२. कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर नोंदलेले तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत तफावत येईल असा बदल करता येत नाही. व्हीलबेसची, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांतल्या अंतराची, नोंद आरसीत असते. चिमटा लांब झाला की ते अंतर बदललं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलाला ५००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्या जुन्या गाड्यांना तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला तपासणीसमोर उभं राहावं लागतं.

म्हणून माझा नियम एकच: चिमटा कुठल्याही गाडीचा असो, मागचा एक्सल जुन्या जागीच आला पाहिजे. तरीही सुरुवात करण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. जवळ ठेवायची कागदं:

- आरसी, विमा आणि पीयूसी
- जुन्या बाजारातून घेतलेल्या चिमट्याची पावती, विकणाऱ्याच्या सहीसह. चोरीच्या गाडीचे सुटे भाग फिरत असतात. पावती नसेल तर घेऊ नका.
- जुना चिमटा गाडीवर असतानाचे चारही बाजूंचे फोटो

३. एकही नट सोडण्याआधी मापं घ्या

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. एक व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी), एक स्टीलची टेप, एक वही घ्या आणि जुन्या चिमट्याची ही मापं लिहून काढा:

- बुशच्या नळीची रुंदी, म्हणजे चेसिसच्या दोन कानांच्या (चिमटा बोल्ट ज्यांतून जातो त्या पट्ट्यांच्या) मधे बसणारा भाग
- त्या नळीचा आतला व्यास आणि चिमटा बोल्टचा व्यास
- चिमटा बोल्टच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर. चेन अ‍ॅडजस्टर जिथे आहे तिथेच असताना घ्या आणि तो कितव्या खुणेवर आहे तेही लिहा.
- चिमटा बोल्टपासून शॉकअपच्या खालच्या बोल्टपर्यंतचं अंतर
- दोन्ही शॉकअपच्या खालच्या बोल्टांमधली रुंदी
- एक्सलपाशी दोन दांड्यांमधली आतली रुंदी आणि एक्सलच्या खाचेची उंची
- ब्रेकची पट्टी (ड्रमची प्लेट धरून ठेवणारी) चिमट्याला जिथे अडकते ती जागा

यातलं शॉकअपचं अंतर लोक हटकून विसरतात. समजा जुन्या चिमट्यात एक्सल ४६० मिमीवर आणि शॉकअप ४३० मिमीवर आहे. नव्या चिमट्यात एक्सल तेवढाच, पण शॉकअपचा बोल्ट ३९० मिमीवर. फरक ४० मिमीचा, डोळ्याला फारसा जाणवत नाही. पण चाकाला मिळणारा स्प्रिंगचा जोर या दोन अंतरांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. ४३० ला ४६० ने भागून वर्ग केला की येतात ०.८७, ३९० ला ४६० ने भागून केला की ०.७२. म्हणजे शॉकअप तेच, स्प्रिंग तीच, आणि गाडी मागून जवळजवळ १८ टक्के मऊ झाली. मागे माणूस बसला की टायर मडगार्डला घासणार. नुसता चिमटा बदलला आणि शॉकअप मऊ पडले, अशी तक्रार ऐकू येते तिचं कारण पुष्कळदा हेच असतं.

४. चिमटा निवडताना

माझा पहिला चिमटा 'कुठल्याही शंभर सीसीला बसतो' या विक्रेत्याच्या शब्दावर मी घेतला. घरी आणून व्हर्नियर लावला तर बुशची नळी ४ मिमी जास्त रुंद. चेसिसचे कान फाकवून ती आत ढकलता येते, पण तसं कधीही करू नका. कान फाकले की बोल्ट कसताना ते परत आत ओढले जातात आणि तिथल्या वेल्डिंगवर कायमचा ताण राहतो. नळी दोन्ही बाजूंनी २-२ मिमी लेथवर कापून घेता आली असती. पण त्या चिमट्याची एक दांडी दुसरीपेक्षा किंचित वर उचललेली होती, ते मला नंतर दिसलं. तो भंगारात गेला.

पीळ ओळखायची रीत सोपी आहे. बुशच्या नळीतून एक सरळ लोखंडी सळई घाला, एक्सलच्या खाचांतून दुसरी. चिमटा सपाट फरशीवर ठेवा आणि मागे बसून एक डोळा मिटून दोन्ही सळयांकडे एका रेषेत बघा. एका टोकाला फट जास्त आणि दुसऱ्याला कमी दिसली तर चिमटा पिळलेला आहे. मग टेपने नळीच्या डाव्या टोकापासून उजव्या खाचेपर्यंत आणि उजव्या टोकापासून डाव्या खाचेपर्यंत, असे दोन्ही कर्ण मोजा. दांड्या सारख्या बाकाच्या असतील तर दोन्ही सारखे यायला हवेत. पिळलेला चिमटा गॅसवर तापवून सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

नळीची रुंदी जास्त असेल तर कापता येते. कमी असेल तर लांब स्लीव्ह आणि दोन्ही बाजूंना नीट कातलेल्या रिंगा देऊन भागतं. एक्सलची खाच मोठी असेल तर पायरीचे (दोन व्यासांचे) बुश करून घ्या, वायसरचे तुकडे कोंबू नका. एक्सलपर्यंतची लांबी जुळत नसेल, तर मात्र तो चिमटा सोडून द्या.

५. हत्यारं

१० पासून १९ पर्यंतचे रिंग पाने आणि बॉक्स पाने, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने नट कसणारा), व्हर्नियर, रबरी हातोडी, बोल्ट ठोकायला पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कांडी, गंज सोडवणारं तेल, ग्रीस, चेन तोडायचं हत्यार, इंजिनाखाली द्यायला लाकडी ठोकळे, एक मजबूत दोर आणि पाच-सहा मीटर सुतळी. नायलॉनवाले नट एकदा सोडले की परत वापरायचे नाहीत, ते नवे आणून ठेवा. चेनच्या लॉकची क्लिप आणि स्प्लिट पिनाही नव्याच.

६. जुना चिमटा काढणं

आदल्या रात्री चिमटा बोल्टच्या दोन्ही टोकांना तेल सोडून ठेवा. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढच्या चाकाला पुढून-मागून विटा लावा, हँडलपासून छताच्या हुकाला दोर बांधा. मागचं चाक निघालं की सगळं वजन पुढे जातं आणि गाडी कलंडते, म्हणून इंजिनाखाली ठोकळाही द्या.

मग चेन, ब्रेक रॉड, ब्रेकची पट्टी, चाक, चेनकव्हर, शॉकअपचे खालचे बोल्ट, या क्रमाने. साडीगार्ड किंवा मागचे फूटरेस्ट चिमट्याला किंवा शॉकअपच्या बोल्टांना अडकलेले आहेत का ते इथेच बघून घ्या. नव्या चिमट्यावर त्यांची सोय करावी लागेल, ते घरात पडून राहता कामा नयेत. मागच्या माणसाला धरायला मूठ, फूटरेस्ट आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारं गार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे असावंच लागतं.

शेवटी चिमटा बोल्ट. नट पूर्ण काढू नका. बोल्टच्या टोकाशी पातळीत येईल इतकाच सैल करा आणि कांडी ठेवून त्यावर ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत. माझा बोल्ट दोन दिवस हलला नाही. तिसऱ्या दिवशी डोक्याला पाना लावून आधी फिरवला, मग ठोकला, पुन्हा फिरवला, तेव्हा तो कुरकुरत बाहेर आला. रॉकेलने पुसून त्यावर बोट फिरवलं तर स्लीव्हच्या जागेवर नखाला लागेल अशी खाच पडली होती. असा बोल्ट परत घालू नका, मग बाकी सगळं कितीही नवं असो.

७. बुश आणि स्लीव्ह: सगळा जीव इथे आहे

बुश दोन प्रकारचे असतात आणि दोघांची वागणूक वेगळी.

पहिला प्रकार धातूचा किंवा नायलॉनचा. मधली स्टीलची स्लीव्ह बोल्टवर घट्ट कसली जाते आणि चिमटा तिच्याभोवती फिरतो. इथे एक माप जिवाचं आहे: स्लीव्हची लांबी बुशसकट नळीच्या रुंदीपेक्षा ०.१ ते ०.३ मिमी जास्त हवी. स्लीव्ह कमी पडली तर नट कसल्यावर चेसिसचे कान स्लीव्हऐवजी बुशलाच दाबतात आणि चिमटा अडकतो. लोक मग नट थोडा सैल ठेवून चिमटा हलता करतात, आणि सैल नटाची गाडी रस्त्यावर नेतात. इलाज नट सैल करण्यात नाही, स्लीव्ह बदलण्यात आहे.

दुसरा प्रकार रबरी. त्यात आतली नळी आणि बाहेरची नळी यांच्यामधे रबर चिकटवलेलं असतं. काहीच घसरत नाही, रबर पिळतं. म्हणून चाक हवेत लोंबत असताना नट कसायचा नाही. कसलात तर गाडी खाली घेतल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हातघट्ट ठेवा, सगळं जोडा, गाडी चाकांवर उभी करा, कुणाला तरी सीटवर बसवा आणि मग नट पूर्ण कसा. या बुशला ग्रीस लावायचं नाही, रबर खराब होतं.

मी धातूचे केले. कोल्हापुरात उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत असल्यामुळे लेथवाला शोधावा लागत नाही; गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश आणि ईएन ८ या स्टीलची स्लीव्ह एका दुपारी हातात पडली. तुमच्या गावी लेथवाल्याकडे जाताना चिमटा, बोल्ट आणि चेसिसच्या कानांमधलं माप, तिन्ही घेऊन जा. नुसता जुना बुश दाखवून 'असाच करा' म्हणालात तर तो झिजलेल्या मापाचाच होणार.

बुश ठोकून बसवू नका, तिरका जातो आणि नळी खरवडतो. एक लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि नट यांनी हळूहळू आत ओढा. बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर सोपं जातं. बसल्यावर बुशचा आतला व्यास किंचित आवळतो, म्हणून शेवटचं रीमिंग (भोक नेमक्या मापाला आणणं) बसवल्यानंतर. स्लीव्ह ग्रीस लावून हाताच्या दाबाने आत गेली पाहिजे, आणि गेल्यावर वर-खाली हलवून टकटक लागता कामा नये.

वेल्डिंगचं काही असेल तर ते बुश घालण्याआधी उरकून घ्या.

८. ब्रेकची पट्टी

ड्रमची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला चिमट्याशी जोडणारी ही पट्टी. ती सुटली तर ब्रेक दाबल्याबरोबर प्लेट गरकन फिरते, रॉड वाकतो, चाक जाम होतं. नव्या चिमट्यावर तिचा कान नसेल किंवा चुकीच्या जागी असेल तर चांगल्या वेल्डरकडून जाड पट्टीचा कान लावून घ्या. नुसतं टाकं मारून चालणार नाही. कानाची जागा अशी निवडा की ब्रेकचा हात आणि रॉड जवळजवळ काटकोनात राहतील. बोल्टला नवी स्प्लिट पिन, तिची दोन्ही टोकं वळवलेली. वेल्डिंग सुबक दिसावं म्हणून घासून सपाट करू नका, तिथलाच धातू भार घेतो.

९. चाक आणि चेनची रेष

नवा चिमटा आतून रुंद असेल तर हबच्या दोन्ही बाजूंच्या स्पेसरची लांबी बदलते. ती वाढ अंदाजे निम्मी-निम्मी वाटू नका. आधी मागच्या सॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या) तोंडाला सरळ पट्टी लावून पुढचं सॉकेट तिच्या रेषेत येतं का बघा, त्यावरून चेनच्या बाजूचा स्पेसर ठरवा, आणि उरलेलं माप दुसऱ्या बाजूला द्या. त्यानंतर चाक मधोमध आलंय का तपासा. दोन्ही एकाच वेळी जुळत नसेल तर चिमट्याचं माप कुठेतरी चुकलेलं आहे, परत वहीकडे जा.

चेनचा ढिलेपणा स्टँडवर मोजून भागत नाही. पुढच्या सॉकेटचा मध्य, चिमटा बोल्ट आणि मागचा एक्सल हे तीन बिंदू एका सरळ रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. म्हणून शॉकअप लावण्याआधी चाक हाताने उचला, हे तिन्ही रेषेत आणा आणि तिथेही चेन थोडी सैल राहते याची खात्री करा. नाहीतर खड्ड्यात चाक वर गेलं की चेन इंजिनाच्या शाफ्टलाच ओढते. याच वेळी चाक पूर्ण वर-खाली करून टायर, चेन आणि चिमटा कुठे घासत नाहीत ना ते बघा. चेन चिमट्याच्या नळीवरून जाते तिथे नायलॉनची किंवा रबराची पट्टी हवीच.

 

१०. बसवणं

बोल्टला ग्रीस, चिमटा जागेवर, बोल्ट आत. नट मॅन्युअलातल्या टॉर्कला कसा (रबरी बुश असतील तर आत्ता फक्त हातघट्ट). शॉकअप लावण्याआधी चिमटा आडवा उचलून सोडा: स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे, अडखळता कामा नये आणि बाजूला हलवल्यावर खडखडताही कामा नये. ही उचलून सोडायची तपासणी रबरी बुशला लागू नाही. मग चाक आणि चेन लावून नवव्या मुद्द्यातली तपासणी करा, आणि त्यानंतर शॉकअप, ब्रेक, चेनकव्हर, साडीगार्ड.

११. सुतळीने अलाइनमेंट

चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा जुन्या चिमट्यावरही फसव्या असतात, दुसऱ्या गाडीच्या चिमट्यावर तर त्यांच्याकडे बघूच नका. मागच्या टायरच्या मागून सुतळी घ्या, जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन्ही बाजूंनी पुढे ताणा. सुतळी मागच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला जेमतेम टेकली पाहिजे. पुढचा टायर अरुंद असतो, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना फट राहते. हँडल सरळ असताना ती फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी येईपर्यंत अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवा. मला या एका कामाला दीड तास लागला. उन्हातून घरात येऊन परत बाहेर गेलो तेव्हा २ मिमीचा फरक दिसला, तोही काढला.

१२. पहिली फेरी

आधी गल्लीत, एकटे, २० च्या वेगाने. मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा आणि थांबून ब्रेकच्या पट्टीचे बोल्ट बघा. मग ५ किलोमीटर. हँडलवरचा हात किंचित हलका केला तर गाडी एका बाजूला ओढते का ते लक्ष देऊन बघा. घरी आल्यावर हबला हात लावा. एका बाजूला कढत लागला तर स्पेसर बेअरिंगला दाबतोय किंवा ब्रेक लागून राहिलाय.

५० किलोमीटरनंतर चिमटा बोल्ट, एक्सल, शॉकअप आणि ब्रेकची पट्टी यांचे सगळे नट टॉर्क पान्याने परत तपासा, आणि मगच मागे कुणाला बसवा. ५०० ला चेनचा ताण आणि सुतळी पुन्हा एकदा. धातूच्या बुशला ग्रीस निपल दिलं असेल तर पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारा. निपल हवं असेल तर बुश बसवण्याआधीच लेथवाल्याकडून बसवून घ्या. बुश बसल्यावर तिथे भोक पाडलं की कीस आत जातो.